ग्रिंडलीच्या सात मेंढ्या

ग्रिंडली,
सोमवार, २० जुलै

प्रिय एर्लंड,

त्या सात मेंढ्या गवताने मेल्या नव्हत्या. शनिवारी दुपारी कर्स्टी फोबिस्टर माझ्या स्वयंपाकघरात बसून असं म्हणाली. नुसतं म्हणून थांबली नाही, तर दवाखान्याच्या कागदावर तसं लिहून खाली सही केली. कर्स्टी म्हणजे आपली नवी गुरांची डॉक्टर. म्हातारा लेस्क निवृत्त झाल्यापासून बेटाचं काम तिच्याकडे आहे, तू तिला पाहिलेलं नाहीस. तो कागद आत्ता माझ्यासमोर आहे, उडू नये म्हणून वर मिठाची बरणी ठेवली आहे. एर्लंडने मेंढ्या इतरांपेक्षा आठ दिवस जास्त गवतावर ठेवल्या आणि म्हणून त्या मेल्या, असं या बेटावर चार वर्षं सगळे धरून चालले, ते खरं नाही. हे पहिल्याच ओळीत लिहायचं असं ठरवून बसले होते. मला तू ओळखतोस. मुद्द्यावर यायचं तर मी गाईपासून सुरुवात करते.

मुद्दा सांगून झाला, तर आता गाईचंही ऐक. तांबडी मेमध्ये व्याली, कालवड झाली, कपाळावर पांढरा ठिपका आहे. दूध एवढं आहे की मी पुन्हा लोणी काढायला लागले. शेजारच्या साँडबॅकच्या जीमसीला आठवड्याला एक गोळा नेऊन देते, तो दर वेळी सांगतो की तुझ्या आईच्या लोण्याची सर नाही, आणि दर वेळी रिकामं भांडं परत पाठवतो. त्याचा गुडघा आता वाकत नाही. तरी मेंढ्या हाकून कोंडवाड्यात आणायच्या असतात त्या हाकणीच्या दिवशी तो किनाऱ्यावर असतोच, काठी घेऊन दगडावर बसून आम्हाला शिव्या घालायला. मेंढ्यांना किनाऱ्यावरच अडवणाऱ्या, बेटाभोवतीच्या दगडी गडग्याचा आपल्या वाटणीचा तुकडा मी यंदा एकटीने रचला, साडेतेवीस पावलं. मार्चच्या वादळात समुद्राने तो पार झोपवला होता. पहिल्या वर्षी माझा गडगा बघून जीमसी म्हणाला होता, "मेंढ्या उडी मारणार नाहीत, हसून हसून पडतील." यंदा त्याने काठीने दोन ठिकाणी ढोसून पाहिलं, काही हललं नाही, तेव्हा तो पावसाविषयी बोलायला लागला. मला तेवढी पावती पुरली. माझं बरं चाललं आहे, एर्लंड. अ‍ॅबरडीनच्या शाळेत बावीस वर्षं परक्या मुलांचा स्वयंपाक करताना मला वाटायचं की मी कुठेही राहू शकते. ते खरं नव्हतं. मला इथेच राहायचं होतं, एवढंच की ते कळेपर्यंत पन्नाशी उलटली आणि गॉर्डन गेला, संसार संपला.

कर्स्टी आली ती मेंढ्यांचं रक्त तपासायला. त्याचं कारण तुला सांगायला हवं, कारण तू गेल्यावर काय काय झालं हे फोनवर मी तुला कधी नीट सांगितलं नाही. त्या वर्षीच्या हिवाळ्यात मेंढी-पंचायत बसली आणि नियम झाला की विण्यासाठी गडग्याच्या आत घेतलेल्या मेंढ्या एक ऑगस्टच्या आत कोकरांसह किनाऱ्यावर परत गेल्याच पाहिजेत. पूर्वी ऑगस्टच्या अखेरपर्यंत चालायचं, आपल्या आजोबांच्या काळापासून. आता चार आठवडे कमी झाले. उशिरा जन्मलेली कोकरं तोवर धड उभीही नसतात. किनाऱ्यावर खायला असतं ते समुद्री शेवाळ त्यांना पचत नाही, भरतीच्या वेळी वर पळायचं कळत नाही. गेल्या वर्षी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात वारा फिरला आणि दोन दिवसांत बेटभर मिळून एकतीस कोकरं गेली. आपली तीन होती. कुणी कुणाला दोष दिला नाही. नियम पाळायचा म्हटलं की तेवढं होणार, असं सगळे म्हणाले.

त्या नियमाला नाव पडलं आहे, एर्लंडची तारीख. पंचायतीच्या वहीत तसं नाही, पण तोंडातोंडी तेच. "एर्लंडच्या तारखेला किती दिवस राहिले?" असं मॅगी दुकानात पाव बांधता बांधता विचारते. तिच्या मनात काही वाईट नसतं, म्हणून ते जास्त लागतं. पक्षी मोजायला आलेली एक बाई जूनमध्ये जीमसीला विचारत होती की एर्लंड हा तुमच्याकडचा कुणी संत होता का. जीमसी म्हणाला, "संत कसला, मेंढ्यांना लाडावून ठेवणारा होता." सगळे हसले. मीही तिथे होते. हसले नाही, पण बोललेही नाही.

तुझ्याबद्दल असं कुणी बोलावं हेच मुळात उलटं आहे. दीपगृहाजवळ उभं राहून खालच्या ओहोटीत चरणाऱ्या पन्नास मेंढ्यांतून आपल्या कोणत्या हे तू नुसत्या चालीवरून सांगायचास, कानाच्या खुणा दिसायच्या कितीतरी आधी. बाबा म्हणायचे, या पोराला कान कापायची गरज नाही, याला मेंढीचा स्वभाव दिसतो. आणि मी? मी आठ वर्षांची असताना आपल्या ग्रिंडली घराची कानखूण उलटी पाठ केली होती. उजव्याचं टोक छाटलेलं आणि डाव्याला मागून खाच, असं आहे ते. मी नेमकं त्याच्या उलट सांगितलं आणि बाबांनी आपली मेंढी समजून साँडबॅकची मेंढी घरी आणली. जीमसीने ते अजून सोडलेलं नाही. आई गेल्यावर कानखूण, म्हणजे कळपाची मालकी, तुझ्या नावावर आली, आणि ती तिथेच शोभत होती.

कर्स्टीला हा नियम पटेना. कोकरं मरताहेत आणि त्याला आधार काय, तर एका वर्षी एका घरच्या सात मेंढ्या. तिने यंदा पाच घरांच्या गवतावरच्या मेंढ्यांचं रक्त तीनदा काढलं. मग दवाखान्यातले लेस्कचे जुने कागद चाळले. तुला आठवतं का, पहिली मेंढी मेली तेव्हा तू स्वतः तिचं यकृत कापून, बर्फात बांधून विमानाने पाठवलं होतंस? त्याचा अहवाल घेऊन ती शनिवारी आली. जवाची भाकरी आणि चीज पुढे ठेवलं, तिने दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि मग तो कागद उघडला.

लेस्कने तेव्हा "तांबं" एवढा एक शब्द वाचून निकाल दिला होता. तांबं कसं मारतं हे मला नीट माहीत नव्हतं. माहीत होतं ते एवढंच, की आपल्या मेंढ्यांना ते सोसत नाही. कर्स्टीने कप बाजूला सारून समजावून सांगितलं. तांबं वाईट नाही, प्रत्येक जिवंत पेशीला ते लागतं, पण चिमूटभर, आणि तेही दावणीला बांधलेल्या जनावरासारखं, जागेवर. आपल्या मेंढ्या पिढ्यानपिढ्या किनाऱ्यावर शेवाळ खाऊन जगल्या. शेवाळातून तांबं इतकं कमी मिळतं की जी मेंढी हाती लागलेला कण सोडत नव्हती तीच टिकली. तिच्या नाती-पणती म्हणजे आपला कळप. तिला गवतावर आणलं की मुबलक मिळतं, पण शरीराला पुरे म्हणायची सवयच नाही. ते घेत राहतं, यकृत साठवत राहतं. मेंढी आठवडेच्या आठवडे धडधाकट दिसते. मग दावणी संपतात, आणि तांबं मोकळं सुटतं. मोकळं तांबं स्वस्थ बसत नाही, एक इलेक्ट्रॉन देतं, परत घेतं, परत देतं, आणि त्या प्रत्येक फेरीला ऑक्सिजनचा एक पिसाळलेला तुकडा सोडून जातं. तो तुकडा समोर येईल त्याला चावतो. पेशीची भिंत चरबीची असते, ती तो कुरतडतो. "तुमचं लोणी खवट होतं ना, थोरा, तेच," ती म्हणाली, "फक्त आतून, आणि जिवंतपणी." मला आई आठवली. लोण्याला तांब्याचं भांडं ती लावू द्यायची नाही. कारण विचारलं तर म्हणायची, लवकर खवटतं, आणि मला पुढचं माहीत नाही, मी काय मास्तर आहे का.

यकृत बराच काळ सोसतं. पण जनावर घाबरलं, दमलं, त्याला हाकललं, पकडलं, कातरलं की ते एकदम हार खातं. साठवलेलं सगळं तांबं रक्तात येतं आणि रक्तातल्या तांबड्या पेशी तासातासाने फुटायला लागतात. डोळे पिवळे होतात. मूत काळ्या चहासारखं होतं. हे ती सांगत होती आणि मला आपलं खालचं कुरण दिसत होतं. सहा ऑगस्टला कातरणी झाली होती, आठला काणी मेंढी भिंतीला टेकून उभी राहिली ती हललीच नाही. पंधरापर्यंत सात गेल्या. त्या वर्षी बाकीच्यांनी मेंढ्या जुलैअखेरच बाहेर काढल्या होत्या आणि शेवंडाचे सापळे चांगले भरत होते म्हणून तू आठ दिवस उशीर केला होतास, हे सगळ्या बेटाला माहीत होतं. त्यामुळे कुणाला दुसरं काही शोधायची गरजच पडली नाही. सप्टेंबरच्या हाकणीला कोंडवाड्यात सगळे जमले असताना जीमसी म्हणाला, "ग्रिंडलीला गवत फार झालंय वाटतं." तू मेंढीचा कान हातात धरून उभा होतास. म्हणालास, "चूक माझी." एवढंच बोललास. ऑक्टोबरात कानखूण माझ्या नावावर करून दिलीस, आणि नोव्हेंबरात स्टॉर्नोवेच्या मासेमारीवर गेलास.

कर्स्टीने अहवालातल्या एका आकड्यावर बोट ठेवलं. "गवतावर आठ दिवस जास्त राहून यकृतात एवढं तांबं साठत नाही," ती म्हणाली. "आठ महिने राहिल्या असत्या तर मी मानलं असतं. त्या कुरणात आणखी काय होतं?"

एर्लंड, आता मी हे लिहिते. कुरणात एक निळी बादली होती. गाईंसाठी आणलेली क्षारांच्या चाटणाची बादली, ती मी तिथे नेऊन ठेवली होती. कुरणाच्या खालच्या कोपऱ्यात, भिंतीच्या वळणाआड, जिथे घरातून दिसत नाही. मुद्दाम लपवायची म्हणून तिथे ठेवली असं नाही. वाऱ्याचा आडोसा तिथे होता. पण तुला सांगितलंही नाही, हेही खरं. मला वाटलं तू म्हणशील, गवतावरच्या मेंढीला वरून काही द्यायचं नसतं. बाबा तसं म्हणायचे. जुळी पाजून त्यांच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या आणि मला ते बघवेना. मी परत येऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. दुकानात गेले की लोक हवामानाबद्दल बोलायचे आणि मी बाहेर पडले की खरं बोलणं सुरू करायचे. जीमसी मला अ‍ॅबरडीनच्या मॅडम म्हणायचा. आणि मी बादलीचं झाकण वाजवलं की एकोणीस मेंढ्या कोकरांसह धावत यायच्या. बेटावर माझ्याकडे धावत येणारं दुसरं काही नव्हतं. सात आठवडे मी रोज संध्याकाळी ते झाकण वाजवलं.

त्या मरत होत्या तेव्हा मला खरंच कळलं नव्हतं. एवढ्यावर तू विश्वास ठेव. बादली जागेवर नाही हे लक्षात आलं होतं, पण त्या आठवड्यात कोण कुठली वस्तू कुठे ठेवत होतं याचा पत्ता नव्हता. गाईंकडे परत गेली असेल असं मनाशी म्हटलं. कळलं ते पुढच्या वसंतात. कर्कवॉलला गाईंसाठी नवी बादली घ्यायला गेले, उचलून गाडीत ठेवताना कडेचं बारीक छापलेलं वाचलं. तांबं आहे, मेंढ्यांना देऊ नये. मी ती बादली खाली ठेवली आणि धक्क्यावर जाऊन बोट सुटेपर्यंत बसून राहिले. तेव्हा तुला जाऊन पाच महिने झाले होते. मी त्या आठवड्यातच तुला सांगणार होते. मग म्हटलं, कोकरं येऊ देत. मग नियम झालेलाच होता. मग मला गडग्याची मोजणी करणाऱ्यांत घेतलं, आणि गेल्या वर्षी पंचायतीत. लोक माझ्यासमोर खरं बोलणं बोलायला लागले होते. मी ज्याच्यासाठी परत आले ते मला मिळत चाललं होतं आणि ते तुझ्या जागेवर बसून मिळत होतं. तीन वर्षं. याला भित्रेपणाशिवाय दुसरा शब्द मी शोधला नाही.

हे सगळं मी कर्स्टीला सांगितलं. ती तिशीतली मुलगी आहे, मला वाटलं उठून जाईल. तिने फक्त विचारलं की बादली आहे का अजून, त्यात किती तांबं होतं ते मला बघायचं आहे. मग तिने लेस्कची टिपणवही काढून एक ओळ वाचली. बारा ऑगस्टची. "मालकाला विचारलं, गवताशिवाय दुसरं काही दिलं होतं का. मालक म्हणाला, नाही." मला वाटलं, बिचारा, त्याला ठाऊकच नव्हतं. म्हणजे तू. तुझी आणखी दया आली, आणि स्वतःची आणखी लाज.

बादली गोठ्यात नव्हती. आईच्या कोठीत नव्हती. शेवटी आम्ही होडीच्या खोपटात गेलो. तू गेल्यापासून मी तिथे हात लावलेला नाही, तुझे सापळे जसेच्या तसे रचलेले आहेत. कर्स्टी म्हणाली, एवढे सापळे भिंतीला टेकून न ठेवता मधोमध कोण रचतं? आम्ही दोघींनी एकेक उतरवले. खाली निळी बादली होती. निम्मी रिकामी, झाकण दोरीने दोनदा आवळलेलं. झाकणावर होडीच्या तांबड्या रंगाने तुझ्या अक्षरात लिहिलं होतं, "मेंढ्यांना देऊ नये." खाली तारीख होती, नऊ ऑगस्ट.

 कर्स्टीने लेस्कच्या वहीतली तारीख पुन्हा पाहिली आणि वही मिटली. मी एका उलट्या सापळ्यावर बसले. दुसरी मेंढी नऊला मेली होती. म्हणजे त्याच दिवशी तू कुरण पायाखाली घातलंस, कोपऱ्यातली बादली पाहिलीस, कडेचं वाचलंस, आणि उचलून इथे आणलीस. लेस्कने विचारलं तेव्हा तुला माहीत होतं. जीमसी बोलला तेव्हा माहीत होतं. कानखूण माझ्या नावावर करताना, अहवालाची आपली प्रत माझ्या हातात देऊन "हे ठेव" म्हणताना, विमानतळावर माझ्या हाताला हात न लावता माझ्या टोपीचं बटण लावून देताना, सगळा वेळ. तुला हेही दिसलं असणार की ते तेव्हा बाहेर आलं असतं तर मी दुसऱ्या आठवड्यात अ‍ॅबरडीनला परत गेले असते आणि पुन्हा कधी आले नसते. तू मनाशी हिशोब घातलास की तुला मेंढ्यांशिवाय राहता येईल आणि मला बेटाशिवाय येणार नाही. दुसरा भाग बरोबर होता.

खोपटातून परत येताना कर्स्टी एवढंच म्हणाली, "माझ्या भावाने माझ्यासाठी कधी सायकलची चूकही अंगावर घेतली नाही." मग तिने टेबलावर बसून कागद लिहिला. त्यात तिने तुझं नाव लिहिलं आहे, माझं नाही. मेंढ्या चाटणातल्या तांब्याने मेल्या, गवतावरच्या मुक्कामाशी संबंध नाही, असं. यंदाच्या रक्ताचे आकडेही जोडले आहेत, ऑगस्टअखेरपर्यंत राहायला हरकत नाही असं तिचं मत आहे. माझं नाव मी घालायला सांगितलं. ती म्हणाली की ते तुमचं तुम्ही सांगा, माझं काम तांब्यापुरतं.

मला तुझा राग येईल असं वाटलं होतं. शनिवारी थोडा आलाही. चार वर्षं तू मला माझ्याच चुकीपासून दूर ठेवलंस, विचारलंस का मला. पण काल सकाळी उठले, तांबडीची धार काढली, ओहोटीला मेंढ्या दूर खडकांपर्यंत गेल्या होत्या, आणि माझ्या लक्षात आलं की मला कित्येक महिन्यांत इतकी शांत झोप लागली नव्हती. मी या जगात कुणाला तरी एवढी हवी होते, हे साठाव्या वर्षी कळणं काही वाईट नाही. कळप चांगला आहे, एर्लंड. तुझ्या बारा उरल्या होत्या, आता चौतीस आहेत. काण्या मेंढीची नात यंदा जुळी व्याली, आणि तिची चाल अगदी तिच्यासारखी, पुढचा डावा पाय किंचित बाहेर टाकून. तू दीपगृहापासून ओळखशील.

काल तुझा नेहमीचा रविवारचा फोन आला तेव्हा मी तुला यातलं काहीच सांगितलं नाही. हवा, कालवड, जीमसीचा गुडघा, एवढंच बोलले, कारण सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास की राहू दे, थोरा, झालं ते झालं. आणि तू म्हणालास की मी ऐकते, हे आपल्या दोघांनाही माहीत आहे. म्हणून पत्र. हे उद्याच्या विमानाने निघेल आणि स्टॉर्नोवेला तुझ्या हातात शुक्रवारच्या आधी पडणार नाही. हाकणी गुरुवारी आहे. भरती साडेअकराची, धुकं उतरलं नाही तर एकपर्यंत मेंढ्या कोंडवाड्यात येतील, आणि कातरणी सुरू व्हायच्या आधी, सगळे भिंतीला टेकून श्वास घेत असतात तेव्हा, मी बादली मधोमध ठेवून जे झालं ते सांगणार आहे, माझं नाव घेऊन. त्याच दिवशी सांगायला हवं, कारण त्यानंतर नऊच दिवसांनी कोकरं बाहेर काढायची तारीख आहे आणि पंचायतीला ती बदलायची तर गुरुवारीच बदलावी लागेल. जीमसी काहीतरी बोलेल. काय, ते मला आधीच ऐकू येतं आहे, आणि ते मला ऐकायचं आहे. तुझं नाव कानखुणेवर माझ्या नावाच्या वर लावायचा अर्ज मी लिहून ठेवला आहे, पण त्यावर तुझी सही लागते, आणि सही इथे येऊन, वहीत करावी लागते. तेव्हा तू हे वाचत असशील तोवर माझं बोलून झालेलं असेल, आणि ते थांबवणं तुझ्या हातात राहिलेलं नसेल. पुढच्या बुधवारच्या विमानात एक जागा तुझ्या नावाने धरून ठेवायला सांगितली आहे. बहुधा गुरुवारी संध्याकाळीच मॅगी तुला फोन करेल, हे पत्र पोचायच्या आधीच, आणि ती विचारेल की येतोस ना.

तुझीच,
थोरा